भरतीच्या तोंडावर

मित्रांनो, माझा रंग एके काळी लाल होता, हे आता मला सांगावे लागते. बॉनेटच्या कडेला आणि पुढच्या दिव्यांच्या मागे तो अजून थोडासा टिकून आहे. बाकी अंगभर गंज आणि त्यावर काकांनी वेळोवेळी फासलेला, मिळेल त्या डब्यातला रंग. मी ट्रॅक्टर आहे. पण मला नांगर आणि मळणी विचाराल तर फारसे सांगता येणार नाही. माझे बहुतेक आयुष्य वाळूत गेले. मी समुद्रातून बोटी ओढून काठावर आणतो.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा एका लांब पट्ट्यावरून मी हळूहळू सरकत होतो. कोणी इंजिन बसवले, कोणी चाके. शेवटी एका माणसाने माझ्या क्लचच्या दांडीखाली एक छोटेसे बटण बसवले, अंगठ्याएवढे. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय त्या बटणातून वीज पुढे जात नसे आणि वीज गेल्याशिवाय मी सुरू होत नसे. तेव्हा मला त्या बटणाचे काही विशेष वाटले नाही. एवढ्या मोठ्या अंगात एवढेसे बटण!

पहिली काही वर्षे मी एका भाजीच्या मळ्यावर काढली. मग मळ्याच्या मालकाने मोठा ट्रॅक्टर घेतला आणि मला किनाऱ्यावरच्या बोटवाल्यांच्या संस्थेने आणले. मला चालवायला त्यांनी ज्यांना ठेवले त्यांना सगळे काका म्हणत. मीही मनातल्या मनात काकाच म्हणू लागलो.

काकांचा हात फार चांगला होता. बोट माझ्यामागे जोडलेल्या चाकांच्या गाड्यावर चढली, की लाट येण्याची वाट बघायची, लाटेने बोट थोडी उचलली की त्याच क्षणी अलगद क्लच सोडायचा आणि तिला वर खेचायचे, हे त्यांच्याइतके कुणाला जमले नाही. एका वादळाच्या दिवशी आम्ही दोघांनी अकरा बोटी ओढल्या. शेवटची बोट वर आली तेव्हा माणसे माझ्या बॉनेटवर थापा मारत होती. ते पत्र्याचे बॉनेट त्या थापांनी किती गोड वाजते, ते मला त्या दिवशी कळले.

रोज संध्याकाळी काका मला गोड्या पाण्याने धूत. चाके, पोट, खाचाखोचा. त्यांची पुतणी नळी धरून उभी असे. तिचे वडील दूरच्या जहाजावर कामाला होते, म्हणून ती काकांकडेच वाढली. धुता धुता ती विचारायची, “काका, ही लाल वायर कुठं जाते? आणि ही काळी?” काकांना सांगता यायचे नाही. ते म्हणायचे, “पोटात जाते. तुला काय करायचंय?” पण तिला करायचेच होते. मोठी झाल्यावर तिने बाजारातल्या गल्लीत एका वायरमनच्या हाताखाली काम शिकून घेतले आणि पुढे स्वतःचे दुकान टाकले. स्टार्टर, डायनॅमो, हॉर्न, दिवे, सगळे ती दुरुस्त करी. गल्लीतले लोक तिला ताई म्हणत.

काकांना तिचे कौतुक होते, पण ते तोंडाने कबूल करणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

दरम्यान काकांचे वय झाले. त्यांचा डावा गुडघा धरू लागला. माझा क्लच डाव्या पायाचा आणि तोही जड. दिवसातून वीस वेळा मला बंद करायचे, वीस वेळा सुरू करायचे, दर वेळी वर चढून क्लच दाबायचा. एके दिवशी त्यांनी वैतागून त्या छोट्या बटणाच्या दोन्ही वायरी काढल्या, एकमेकींना पिळल्या आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. आता क्लच दाबायची गरज उरली नाही. खाली वाळूत उभे राहूनच ते हात वर करून चावी फिरवीत आणि मी सुरू होई. त्यांचा गुडघा वाचला. मलाही वाटले, चला, बरे झाले.

ताईने ते पाहिले तेव्हा ती हसली नाही.

“काका, ही गाठ सोडा. मी बटण परत जोडून देते.”

“कशाला? चाललंय की व्यवस्थित.”

“गिअरमध्ये असताना कुणी चावी फिरवली तर हा उडी मारेल. पुढं माणूस असला तर?”

“तू नळी धरून उभी राहायचीस तेव्हापासून मी हा चालवतोय. आता तू मला ट्रॅक्टर शिकवणार?”

शब्दाने शब्द वाढला. ताई तणतणत निघून गेली. त्यानंतर दीड वर्ष दोघे एकमेकांशी धड बोलले नाहीत. माझी धुलाईही हळूहळू कमी झाली. वाकले की काकांचा गुडघा दुखे आणि नळी धरायला कुणी नव्हते. खारे पाणी माझ्या खाचांत वाळे. त्यावर पुन्हा खारे पाणी. माझे काय बिघडते आहे ते मला कळत होते, पण सांगणार कसे?

आणि मग तो दिवस आला.

दुपार कलली होती. ओहोटी संपून पाणी फिरले होते. मावशीची बोट यायची होती. मावशी म्हणजे किनाऱ्यावरची एकटीच बाई जिची स्वतःची बोट होती आणि जी ती स्वतः चालवीत असे. आवाज असा, की लाटेपलीकडून हाक मारली तरी काठावर ऐकू यावी. काकांनी मला उलटे चालवत खाली नेले, गाडा पाण्यात सोडला आणि माझे तोंड काठाकडे ठेवून मला बंद केले. माझा हातब्रेक सैल झाला होता. उतारावर तो धरत नसे, म्हणून काकांनी मला पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवले आणि ते खाली उतरले.

बोट आली. गाड्यावर चढली. मावशीने दोर आवळून बांधले आणि ओरडली, “घ्या काका!”

काकांनी घाईत, गिअरचे भान न ठेवता, खालूनच चावी फिरवली.

टक.

एवढाच आवाज. आत कुठेतरी एक लोखंडी जीभ पुढे आली आणि तिथेच थांबली. स्टार्टर हलला नाही. काकांनी पुन्हा चावी फिरवली. टक. पुन्हा. टक.

“बॅटरी उतरली वाटतं,” मावशी म्हणाली.

काकांनी बॅटरीची टोके खरवडली. घट्ट केली. टक. त्यांनी हातोडीने स्टार्टरवर दोन ठोके दिले, हा त्यांचा जुना उपाय. टक. तोपर्यंत पाणी गाड्याच्या चाकांवरून पुढे येऊन माझ्या मागच्या टायरांना लागले होते.

मित्रांनो, भरती धावत येत नाही. ती एक पाऊल पुढे येते, अर्धे मागे जाते, मग पुन्हा एक पाऊल पुढे. बघणाऱ्याला वाटते, अजून वेळ आहे. पण मला माझ्या टायरांच्या खाचा मोजता येतात. एक खाच बुडाली. दुसरी बुडाली. स्टार्टरपर्यंत पाणी आले, की माझे संपलेच. आणि माझ्यामागे अर्धी गाड्यावर, अर्धी पाण्यात अशी ती बोट होती. पाणी चढले, की लाटा तिला आडवी पाडणार आणि फळ्या फोडणार, हे तिघांनाही, म्हणजे काकांना, मावशीला आणि मला, न बोलता कळत होते.

“तुमच्या पुतणीला बोलवा,” मावशी म्हणाली.

काका पुन्हा बॅटरीकडे वळले.

“अहो, रुसवा नंतर काढा. बोट माझी जातेय!”

काकांनी फोन काढला, पण नंबर लावताना त्यांचे बोट थबकले. शेवटी मावशीनेच त्यांच्या हातातून फोन घेतला.

ताई स्कूटरवरून आली. पायांत चपला, अंगात दुकानातला तो सैल सदरा, खांद्याला पिशवी. ती काकांकडे न बघता सरळ माझ्याकडे आली. इंजिन बंद करायची दांडी तिने आधी बाहेर ओढून ठेवली, म्हणजे डिझेल मिळू नये आणि तपासताना मी चुकून पेट घेऊ नये.

“न्यूट्रल आहे ना?” तिने विचारले.

“आहे, आहे,” काका म्हणाले.

मी पहिल्या गिअरमध्ये होतो. मला ओरडावेसे वाटले. पण हॉर्न कुणी दाबल्याशिवाय मला आवाज नाही.

“दिवे लावा. आता चावी फिरवा.”

टक. माझे दिवे विझल्यासारखे झाले. चावी सोडताच पुन्हा उजळले.

“बघ, बॅटरीच,” काका म्हणाले.

ताईने पिशवीतून मीटर काढला आणि त्याची दोन टोके बॅटरीला लावली. “परत फिरवा.” टक. तिने मीटरकडे पाहिले आणि मान हलवली. “बॅटरी भरलेली आहे. चावी फिरवली तरी आकडा जागचा हलला नाही. याचा अर्थ वीज आहे, पण ती कामाला जातच नाहीये.”

“मग स्टार्टर गेला?”

“थांबा.”

एक लाट तिच्या पोटऱ्यांवर आपटली. तिने मीटरचे एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला धरले आणि दुसरे माझ्या इंजिनच्या लोखंडाला. “फिरवा.”

टक. या वेळी तिचे डोळे मोठे झाले.

“सापडलं. इथं शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला पाहिजे. नऊ व्होल्ट दाखवतोय.”

“म्हणजे काय गं पोरी?” मावशीने विचारले. तिचे दोन्ही हात बोटीच्या दोरावर होते आणि ती कंबरभर पाण्यात उभी होती.

“वीज बॅटरीतून निघते, स्टार्टर फिरवते आणि याच्या लोखंडातून परत बॅटरीकडे येते. जायची वाट ठीक आहे. परतीची बंद पडलीय. अर्थची पट्टी कुठंतरी गंजलीय.”

ही पट्टी म्हणजे विणलेल्या तारांचा एक जाड पट्टा. एका बाजूने तो बॅटरीला, दुसऱ्या बाजूने पाय ठेवायच्या पत्र्याखाली माझ्या अंगाला एका बोल्टने कसलेला असतो. तो बोल्ट माझ्या मागच्या मोठ्या चाकाच्या बरोबर पुढे होता. ताई तिथे पाण्यात गुडघ्यांवर बसली. तिने पाना लावला आणि दात आवळून बोल्ट सोडवला. खालून हिरवट पांढरी भुकटी गळली. किती वर्षांचे मीठ होते ते! तिने पट्टीचे टोक काचकागदाने घासायला घेतले.

“मी सांगेपर्यंत चावीला हात लावू नका,” ती खालून म्हणाली.

काका माझ्या दुसऱ्या बाजूला उभे होते. तिथून त्यांना ती दिसत नव्हती. फक्त घासण्याचा आवाज येत होता आणि तोही लाटांमध्ये बुडत होता. पाणी माझ्या चाकाच्या मध्याला भिडायला चार बोटे उरली होती. पट्टीचे टोक चकाकू लागले. तिने पट्टी जागेवर बसवली. बोल्ट फिरवला. एक वेढा. दुसरा.

माझ्या अंगात कित्येक महिन्यांनी वीज मोकळी झाल्याचे मला जाणवले. मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. पण मला धडकी भरली.

नेमकी तेव्हाच एक मोठी लाट आली. बोट गाड्यावर करकरली आणि एका अंगाला कलली. एक दोर ताडकन तुटला. मावशी किंचाळली, “काका! बोट गेली! काहीतरी करा!”

काकांनी विचार केला नाही. त्यांचा हात सवयीने वर गेला. गेल्या तासाभरात त्यांनी पन्नास वेळा तरी चावी फिरवली असेल आणि पन्नास वेळा नुसते टक झाले होते.

त्यांनी चावी फिरवली.

स्टार्टर फिरला.

मी हललो. पहिल्या गिअरमध्ये होतो, म्हणून पुढेच गेलो. माझे ते मोठे चाक, माणसाच्या छातीपेक्षा उंच, वाळूत रुतत पुढे सरकले. त्याच्यासमोर ताई गुडघ्यांवर बसलेली होती. हे मला माहीत होते. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये मी, आणि तिघांत मला एकट्यालाच सगळे माहीत होते. मला थांबायचे होते. माझ्या लोखंडाच्या कणाकणाला थांबायचे होते. पण चावी फिरली, की थांबणे माझ्या हातात नसते.

“काकाऽऽ!”

काकांच्या हातातून चावी सुटली. मी थांबलो.

बंद करायची दांडी ताईने सुरुवातीलाच ओढून ठेवली होती, म्हणून इंजिनने पेट घेतला नव्हता. पेट घेतला असता तर मी बोटीसकट तिच्या अंगावरून गेलो असतो. चाक तिच्या मांडीपासून चार बोटांवर उभे होते. तिच्या सदऱ्याची कड टायरखाली सापडली होती. तिला उठता येत नव्हते. पुढच्या लाटेचे पाणी तिच्या छातीपर्यंत आले.

मावशीने दोर सोडला. बोटीकडे तिने वळूनही पाहिले नाही. कमरेचा सुरा काढून ती पाण्यातून धडपडत आली आणि एका झटक्यात तिने सदरा फाडला. ताई मागे फेकल्यासारखी वाळूत बसली.

काका वळसा घालून आले. त्यांनी चाक पाहिले, फाटलेले कापड पाहिले.

“गिअर,” ताई म्हणाली. “मी विचारलं होतं.”

“हातब्रेक धरत नाही. म्हणून पहिल्यात टाकला होता.”

“मग न्यूट्रल आहे असं का सांगितलंत?”

काकांनी मान खाली घातली. “हातब्रेकही बिघडलाय म्हटलं असतं, तर तू पुन्हा ऐकवलं असतंस. म्हणून.”

ताईने हातांची ओली वाळू झटकली. मग हळू आवाजात म्हणाली, “मीही स्वतः हात लावून बघायला हवं होतं. तुमच्यावर रागावले होते ना. तुमच्या जागेवर चढायचं नव्हतं मला.”

“अहो काका-पुतणी, मी बोट सोडून आलेय!” मावशी ओरडली. “रडायचं ते वर जाऊन रडा!”

ताई उठली. वाकून तिने बोल्टचा शेवटचा वेढा आवळला. मग बाजूला सरकून कोरड्या वाळूत, काकांना वरून दिसेल अशी उभी राहिली. “चढा काका. चालवायचं तुम्हालाच जमतं.”

“माझ्याच्यानं नाही व्हायचं आता.”

“होईल. गुडघा दुखला तरी क्लच पूर्ण दाबा. ब्रेकवर पाय. मग चावी.”

काका चढले. चढताना कण्हले. त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला आणि तो तळापर्यंत दाबला. गिअरची दांडी न्यूट्रलला आणून डावीउजवीकडे हलवून पाहिली. मग दुसऱ्यांदा हलवून पाहिली. इंजिन बंद करायची दांडी आत ढकलली. “कुणी पुढं आहे का?” त्यांनी मोठ्याने विचारले.

“नाही! मी इथं!” ताई म्हणाली.

“मावशी?”

“दोराशी! मारा आता!”

चावी फिरली. मी एका दमात सुरू झालो. माझ्या धुराड्यातून काळा धूर निघाला आणि माझ्या सगळ्या पत्र्यांत पुन्हा जीव आला. काकांनी पहिला गिअर टाकून क्लच सोडला, पण बोट जड झाली होती. चाके जागच्या जागी फिरली आणि वाळू उकरली गेली. काकांनी लगेच क्लच दाबला. त्यांनी मागे वळून समुद्राकडे पाहिले. एक लहान लाट गेली. ती त्यांनी सोडून दिली. दुसरीही सोडली. तिसरी आली, तिने कललेली बोट अलगद उचलून सरळ केली आणि त्याच क्षणी काकांनी क्लच सोडला. मी ओढले. वाळूने आधी धरून ठेवले, मग सोडले. पाण्याच्या धारा गाळत आम्ही वर आलो, आधी मी, मग गाडा, मग मावशीची बोट. तिच्या बाजूची एक फळी चिरली होती, एवढेच.

कोरड्या जागी आल्यावर काकांनी मला बंद केले आणि ते बराच वेळ जागेवरून उतरले नाहीत. ताई वर चढली आणि माझ्या चाकावरच्या पत्र्यावर बसली. मावशी खालून फाटक्या सदऱ्याकडे बघत म्हणाली, “एवढा चांगला सदरा फाडला मी. पण सुऱ्यापुढं ते लोण्यासारखं कापलं गेलं.” मग ती स्वतःच हुंदका देऊन रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला ताईच्या दुकानासमोर घेऊन गेले. अरुंद गल्ली, वर पत्र्याचे छप्पर, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या वायरींची भेंडोळी, आणि दारात एक जुना टायर बसायला ठेवलेला. काकांनी चिकटपट्टी सोलून ती पिळलेली गाठ स्वतः सोडवली.

“घे. बसव ते बटण.”

“गुडघ्याचं काय?”

“गुडघा दुखतो. मरत तर नाही ना कुणी गुडघ्यानं.”

ताईने नवे बटण बसवले. हातब्रेक घट्ट केला. शेजारच्या वेल्डरकडून मला एक बुटकी पायरी लावून घेतली, म्हणजे काकांना चढणे सोपे व्हावे. ती खाली झोपून काम करत असताना काका दिवा धरून बसले होते. मध्येच ते म्हणाले, “चावी माझ्या खिशात आहे बरं का.” ताई खालूनच म्हणाली, “माहीत आहे. मीच ठेवायला सांगितली.” पण काकांनी पुन्हा खिसा चाचपून पाहिला.

त्यानंतर काही वर्षांनी किनाऱ्यावर विजेवर चालणारे यंत्र आले. ते तारेने बोटी ओढते. मला आता क्वचितच बोलावतात. काका घरी असतात. मी शेडमध्ये उभा असतो आणि कबुतरे माझ्या बसायच्या जागेवर घाण करतात. त्याचे मला दुःख नाही. जुने झाल्यावर असे व्हायचेच.

पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारख्या यंत्रावर बसेल, कुणी त्याच्या पोटात हात घालेल. यंत्र खाऱ्या हवेत असेल, तर त्याला गोड्या पाण्याने धुवा. बंद पडले, तर आधी नीट शोधा, मग ठोका. आणि कारखान्यातल्या कुणा अनोळखी माणसाने त्यावर एखादे छोटे बटण बसवले असेल, तर त्याचा कितीही त्रास झाला, तरी त्याच्या वायरी पिळू नका. त्याने ते तुमच्या माणसासाठी बसवलेले असते.

आम्ही यंत्रे फार ताकदवान असतो आणि फार आज्ञाधारक. चावी फिरवली की निघतो. चाकापुढे आपलेच कुणी बसले आहे हे कळत असले तरी निघतो. म्हणून चावी फिरवण्याआधी एकदा मोठ्याने विचारा, पुढे कुणी आहे का? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

तेवढे थांबणे फक्त तुम्हालाच जमते.